मुलं कुणी मारली? ग्रीक शोकांतिकांमधलं खरं आणि रचलेलं

अनाहत:

कॉरिंथच्या अवशेषांत खडकात कोरलेला एक झरा आहे, ग्लाउकेचा झरा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाउसानिअस हा प्रवासी तिथे पोचला. जेसनची टाकलेली बायको मेडिआ हिने पाठवलेल्या विषाची आग शमावी म्हणून त्याची नवी वधू, राजकन्या ग्लाउकेने याच पाण्यात उडी टाकली, असं तिथे सांगत असल्याचं तो लिहितो. जवळच मेडिआच्या दोन मुलांची समाधी होती. त्यांची नावंही तो देतो, मेर्मेरोस आणि फेरेस. विषारी भेटी घेऊन हीच पोरं राजवाड्यात गेली होती, म्हणून कॉरिंथच्या लोकांनी त्यांना दगडांनी ठेचून मारलं. पुढे गावातली तान्ही मुलं दगावायला लागली. देववाणीला कौल लावला, दरवर्षी बळी द्यायचं ठरलं आणि भीतीची एक मूर्ती उभी राहिली, भेसूर बाईच्या रूपातली. कॉरिंथची मुलं त्या दोघांसाठी केस कापत आणि काळे कपडे घालत. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी शहर उद्ध्वस्त केलं, जुने लोक संपले आणि प्रथाही बंद पडली. मूर्ती मात्र पाउसानिअसच्या वेळी जागेवर होती.

आता युरिपिडीजचं नाटक घ्या. इ.स.पू. ४३१ च्या वसंतात अथेन्सच्या दायोनिसस उत्सवात 'मेडिआ' झालं. त्यात मुलांना मारते ती आईच. नवऱ्याने टाकलं, राजाच्या मुलीशी लग्न लावलं, वर हिलाच हद्दपार करायला निघाले, म्हणून त्याचा वंश खुडायचा आणि त्यासाठी स्वतःची पोरं मारायची. आज मेडिआ म्हटलं की जगाला एवढंच आठवतं. कॉरिंथकरांचे दगड विसरले गेले.

जुन्या टीकाकारांनी आणखीही कथा नोंदवून ठेवल्या आहेत. एका कथेत मेडिआ राजा क्रेऑनला मारून अथेन्सला पळते, मुलं लहान म्हणून त्यांना हेरा देवीच्या वेदीवर बसवून जाते. क्रेऑनचे नातेवाईक त्यांना मारतात आणि वर आवई उठवतात की आईनेच मारलं! दुसऱ्या कथेत ती प्रत्येक मूल जन्मलं की हेराच्या देवळात नेऊन दडवते, ते अमर होईल या आशेने, आणि तो प्रयोग फसतो. आणि एक कुजबुज अशीही होती की आमच्यावरचा डाग पुसा म्हणून कॉरिंथकरांनी युरिपिडीजला पाच टॅलंट चांदी चारली. त्याच वर्षी अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध पेटलं आणि कॉरिंथ अथेन्सचा कट्टर वैरी होता, त्यामुळे मला ही कुजबुज पटत नाही. पण ती उठली यावरून एक कळतं. कवीने दोष एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर नेला, हे लोकांच्या लक्षात आलं होतं.

धागा काढायचं कारण हेच. 'ग्रीक शोकांतिका म्हणजे मिथकं, म्हणजे काल्पनिक गोष्टी' असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. नाटक नीट वाचलं की वेगळं दिसतं. युरिपिडीज जुनी कथा पुसत नाही, ती पात्रांच्या तोंडी आणि पायांत ठेवतो. मेडिआ म्हणते, मी नाही मारलं तर शत्रू मारतीलच, मग जन्म देणाऱ्या हातानेच मारलेलं बरं. शेवटी जेसन धावत येतो, तो क्रेऑनचे नातेवाईक सूड घेतील म्हणून मुलांना वाचवायला. म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक असलेली हकिकत रंगभूमीवर येऊन उभी राहते आणि तिला उशीर झालेला असतो. मेडिआ सूर्याच्या रथातून सांगते की मी यांना हेराच्या देवळात पुरीन आणि या पापासाठी इथे विधी चालू करीन. हेराच्या देवळातली जागा जुन्या कथांमधलीच, विधी कॉरिंथचाच, मेलेली मुलंही तीच. हलला तो फक्त दोष.

आणि दोष हलल्यावर काय उघडतं ते बघा. कॉरिंथकरांनी मारलं असतं तर ती एका जमावाची क्रूर गोष्ट झाली असती. आता आपल्यासमोर आई आहे. ती मुलांना जवळ घेते, त्यांच्या मऊ कांतीबद्दल आणि गोड श्वासाबद्दल बोलते, त्यांना आत पाठवते, मन बदलते, पुन्हा घट्ट करते. हे कुठल्या समाधीवर कोरलेलं नव्हतं. हे त्याने रचलं, आणि नाटकातलं सगळ्यात खरं तेच आहे.

ॲरिस्टॉटल काव्यशास्त्रात सांगतो की परंपरेने आलेल्या कथा मोडता येत नाहीत, क्लायटेम्नेस्ट्राचा जीव तिचा मुलगा ऑरेस्टिस याच्याच हातून जायला हवा, पण त्या कथा कशा वापरायच्या हे कवीने शोधायचं असतं. माझं म्हणणं असं की या 'कशा'मध्ये शोकांतिकेचं सत्य आहे. काय झालं हे मिथक सांगतं. कुणी, का आणि कळून-सवरून केलं का, याचा खटला नाटक चालवतं.

इतर नाटकांबद्दल जाणकारांनी लिहावं.

रानफूल:

फार आवडलं. शाकुंतल आठवलं लगेच. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, भर सभेत तो शकुंतलेला ओळख नाकारतो, आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो आणि म्हणतो की लोकांना शंका राहू नये म्हणून तसं वागलो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणला, अंगठी आणली आणि राजाचा दोष शापावर गेला. इथेही दोषच हलला, फक्त उलट्या दिशेने. युरिपिडीज माणसावर आणतो, कालिदास माणसावरून उतरवतो.

चिकित्सक:

लेख चांगला आहे, पण दोन शंका.

पहिली, मुलं मारणारी मेडिआ युरिपिडीजचीच कल्पना, हे इतकं ठाम आहे का? नाटकाच्या हस्तलिखितांबरोबर जी जुनी प्रस्तावना येते तिच्यात म्हटलंय की त्याने हे नाटक निओफ्रॉन नावाच्या कवीकडून घेतलं. निओफ्रॉनच्या मेडिआचे थोडे तुकडे उरले आहेत आणि एकात ती स्वतःच्या मनाशी असंच भांडताना दिसते.

दुसरी शंका मोठी आहे. तुम्ही 'खरं' हा शब्द दोन अर्थांनी वापरताय. आईची घालमेल खरी वाटते, ही झाली कलेची ताकद. मेडिआ नावाची बाई झाली होती का, हा प्रश्न निराळा. ग्रीक प्रेक्षक या कथांना इतिहास समजत होते की गोष्ट? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीची चर्चा अधांतरी राहते.

अनाहत:

निओफ्रॉनचा मुद्दा योग्य आहे. त्या प्रस्तावनेवर अभ्यासकांत एकमत नाही. निओफ्रॉन आधीचा की नंतरचा यावर अजून वाद आहे. आधीचा धरला तरी दोष हलवणारा शोकांतिकेचाच कवी ठरतो, त्यामुळे माझा मुद्दा उभा राहतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. या लोकांना वीरपुरुषांची हाडं सापडत असत. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की स्पार्टाच्या लोकांनी तेगेआ या शहरातून ऑरेस्टिसची हाडं गुपचूप आणली, शवपेटी सात हात लांब होती म्हणे, आणि त्यानंतर तेगेआशी लढाया जिंकायला लागले. अथेन्सचा सेनापती किमॉन याने स्किरोस बेटावरून अथेन्सचा पुराणातला राजा थीसियस याची हाडं वाजतगाजत शहरात आणली, ती साधारण इ.स.पू. ४७५ च्या सुमारास. त्या मिरवणुकीत धावणारी पोरं मोठी होऊन नाटकातला थीसियस बघत होती. त्यांना तो 'पात्र' कसा वाटेल?

इतिहासकार थुसिडिडीज तर कवींवर अजिबात विश्वास न ठेवणारा. कवी वाढवून सांगतात असं तो स्पष्ट लिहितो. तरी ट्रोजन युद्ध झालं होतं का हा प्रश्न त्याला पडतच नाही. तो होमरची १२०० जहाजं घेतो, मोठ्यावर १२० माणसं, लहानावर ५०, सरासरी काढतो आणि म्हणतो, सगळ्या ग्रीसच्या मानाने सैन्य फार नव्हतं. घटना झाली हे गृहीत, तपशील तपासायचे. शोकांतिकेचा प्रेक्षक याच हवेत वाढलेला होता. ऑरेस्टिस होऊन गेला याबद्दल त्याला शंका नव्हती आणि नाटकातलं ऑरेस्टिसचं बोलणं कवीने लिहिलंय हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने राहत होत्या. आपल्याकडे कीर्तन ऐकणाऱ्याच्या डोक्यातही राहतात.

गलबत:

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून भर घालतो. शोकांतिकेला मिथकच लागतं असंही नाही. आपल्या हातात आलेली सगळ्यात जुनी पूर्ण शोकांतिका ताज्या घटनेवर आहे, एस्किलसचं 'पर्शियन्स', इ.स.पू. ४७२. ग्रीकांनी पर्शियनांना हरवलं ती सलामिसची आरमारी लढाई ४८० मधली, म्हणजे अवघी आठ वर्षं झालेली. नाटकाचा खर्च उचलणारा कोण, तर पुढे अथेन्सचा नेता झालेला तरुण पेरिक्लीज. लिहिणारा स्वतः पर्शियनांविरुद्ध मॅरेथॉनला लढलेला, तिथे त्याचा भाऊ पडलेला. बघणाऱ्यांत त्या जहाजांवर वल्ही मारलेले लोक बसलेले. अशा प्रेक्षकांसमोर थाप मारणं सोपं नाही.

तरी बघा त्याने काय केलं. नाटक घडतं पर्शियाच्या राजधानीत, सुसामध्ये. अख्ख्या नाटकात एकाही ग्रीक माणसाचं नाव नाही. अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीजही नाही. रात्री खोटा निरोप देऊन पर्शियन आरमाराला खाडीत ओढणारा माणूस हेरोडोटसकडे सिकिन्नस आहे, इथे तो नुसता 'अथेन्सच्या सैन्यातून आलेला एक ग्रीक'. पर्शियन सरदारांची नावं मात्र ओळीमागून ओळी येतात, अमका खडकावर आपटला, तमका पाण्यात तरंगतोय. आकडेही दूताच्या तोंडी आहेत, ग्रीकांची ३१० जहाजं, पर्शियाचा राजा झर्कसिस याची १००० आणि वर २०७ वेगवान.

मग वर येतं झर्कसिसच्या बापाचं, दरायसचं भूत. हा नाटकाचा कणा. मेलेला बाप राणीपाशी मुलाला दोष देतो की त्याने समुद्राला बेड्या घालून हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधला, देवांशी स्पर्धा केली. पण खुद्द दरायसने सिथियन मोहिमेत बॉस्पोरसवर पूल बांधला होता! आणि मॅरेथॉनला हरलेलं सैन्य पाठवलं होतं कुणी? त्यानेच. दरायसची कबर पर्सेपोलिसजवळ नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात आहे, नाटकात ती सुसाच्या राजवाड्यापाशी. माघारीत स्ट्रायमॉन नदी अवेळी गोठते आणि सूर्य वर आल्यावर बर्फ फुटून सैन्य बुडतं, हा प्रसंग हेरोडोटसकडे नाही. त्याच्याकडे भूक आहे, रोगराई आहे.

मॅरेथॉन पाहिलेल्या माणसाला दरायस हा संयमी, शहाणा राजा नव्हता हे कळत नव्हतं का? कळत होतंच. पण शहाणा बाप आणि उतावळा मुलगा अशी जोडी घातल्याशिवाय 'एवढं मोठं साम्राज्य का बुडालं' याला रंगभूमीवर आकार येत नाही. अनाहत म्हणतात तसं दोष हलवणंच झालं हे. इथे कथा मिथक नाही, हयात माणसांच्या आठवणीतली आहे, तरीही.

आणि आठवण फार जवळची असेल तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस शहर घेतलं, पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. मिलेटस ज्यात होतं त्या, पर्शियाविरुद्धच्या आयोनियन ग्रीकांच्या बंडाला अथेन्सने २० जहाजं पाठवली होती आणि नंतर हात काढून घेतला होता. थोड्याच वर्षांत फ्रिनिकस या कवीने 'मिलेटसचा पाडाव' रंगभूमीवर आणला. सगळं प्रेक्षागृह रडायला लागलं. आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून अथेन्सने त्याला १००० द्राख्मा दंड केला आणि हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. हेरोडोटस हे दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे जातो, पण मला वाटतं शोकांतिका मिथकांकडे का वळली याचं कारण त्या दंडात आहे.

मुक्तछंद:

गलबत, फ्रिनिकसचं वाचून 'कीचकवध' डोळ्यांपुढे आलं. खाडिलकरांनी १९०७ साली कीचकाच्या आडून कर्झन उभा केला, सैरंध्रीत देश, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल. कुठेही इंग्रजांचं नाव नाही. सरकारने १९१० मध्ये बंदी घातलीच. फ्रिनिकसने उघड बोलून दंड भरला, खाडिलकरांनी विराटपर्वाचा आडोसा घेतला तरी सरकारला ऐकू गेलं. मिथक हे लपायची जागा आहे असं म्हणतात ते मला त्यामुळे पटत नाही. प्रेक्षक ते फार लवकर ओळखतो, आणि त्याने ओळखावं म्हणूनच नाटककार ते निवडतो.

चिकित्सक:

गलबत यांचा प्रतिसाद उत्तम, पण त्यातून माझी अडचण वाढली. दरायसला शहाणा दाखवणं, आपल्या बाजूचे आकडे सोयीचे ठेवणं, याला आपण आज प्रचार म्हणू. शोकांतिकेच्या नावाखाली त्याला 'गहन सत्य' का म्हणायचं?

गलबत:

प्रचार असता तर नाटक सलामिसच्या किनाऱ्यावर घडलं असतं आणि शेवटी विजयाचं गाणं झालं असतं. विजयाची गर्जना त्यात आहे, 'ग्रीकपुत्रांनो, चला, मायभूमी मुक्त करा, बायकामुलं, देवांची ठाणी, पूर्वजांच्या कबरी मुक्त करा', पण ती ऐकू येते पर्शियन दूताच्या तोंडून, त्याच्या भीतीतून. शेवट होतो फाटक्या कपड्यांत आलेल्या झर्कसिसने आणि वृद्धांनी ऊर बडवण्याने. ज्यांनी अथेन्स जाळलं त्यांच्या आयाबायकांचं रडणं अथेन्सच्या नागरिकांनी, बहुधा रडतच, बघितलं आणि नाटकाला पहिलं बक्षीस दिलं. सोयीचे आकडे आहेत, मान्य. पण शत्रूच्या घरात बसून त्याची आई बोलते ते ऐकायला लावणं, हे सोयीचं नव्हतं.

तिसरी_घंटा:

मी प्रायोगिक रंगभूमीवर काम करते, त्यामुळे माझं कुतूहल वेगळं आहे. रंगभूमीवर उघड खोटं बोललं जातं तेव्हा प्रेक्षकाचं काय होतं?

सोफोक्लीजची 'इलेक्ट्रा' घ्या. इलेक्ट्राचा भाऊ ऑरेस्टिस बापाच्या खुनाचा सूड घ्यायला जिवंत परत आलाय, आपण त्याला पहिल्याच प्रवेशात बघितलंय. त्याचा म्हातारा शिक्षक राजवाड्यात जाऊन सांगतो की ऑरेस्टिस डेल्फीच्या रथशर्यतीत मेला. हे भाषण ऐंशीहून अधिक ओळींचं आहे. दहा रथ. कुठल्या गावचा कितवा, कुणाचे घोडे उधळले, लिबियाच्या रथावर कोण आदळलं, अथेन्सचा सारथी कसा चतुराईने बाजूला झाला. शेवटी दोघे उरतात. ऑरेस्टिस वळणावर डावा लगाम सैल सोडतो, खांबाला चाक लागतं, आस तुटते, तो लगामात गुरफटून फरफटत जातो. यातला शब्द न् शब्द खोटा आहे आणि ते आपल्याला माहीत आहे. तरी त्या खांबाशी मी प्रत्येक वेळी श्वास धरते. डेल्फीच्या खेळांचा काळ या कथेशी जुळत नाही. ॲरिस्टॉटलनेही हा प्रसंग अतार्किक गोष्टींच्या उदाहरणांत टाकलाय. सोफोक्लीजला त्याची फिकीर नव्हती.

पुढे ऑरेस्टिसच्या राखेचा म्हणून कलश येतो. आत काही नाही. इलेक्ट्रा तो हातात घेऊन रडते, केवढासा तू, केवढ्याशा भांड्यात, म्हणते. तिचा भाऊ दोन पावलांवर उभा आहे. खोट्या राखेवरचं रडणं इतकं खरं आहे की ऑरेस्टिसला नाटक पुढे रेटता येत नाही, तो ओळख देतो. म्हणजे खोटं रचणाऱ्यालाच त्या खोट्याने पकडलं.

पोलस नावाच्या ग्रीक नटाची हकिकत रोमन लेखक ऑलस गेलिअसने दिली आहे. तेव्हा स्त्रीपात्रं पुरुषच करत. पोलसचा लाडका मुलगा वारला होता. शोक आवरून तो पुन्हा अथेन्समध्ये उभा राहिला तो इलेक्ट्रा म्हणून, आणि त्याने हातात घेतला तो आपल्या मुलाच्या अस्थींचा कलश, थडग्यातून आणलेला. गेलिअस म्हणतो, मग तिथे नक्कल उरली नाही, खरा शोक भरून राहिला.

मुखवट्याआडून तो काय बोलला असेल याचा विचार करवत नाही. ओळी तर सोफोक्लीजच्याच.

सोनचाफा:

तिसरी_घंटा, पोलसबद्दल मला तुमच्याइतका आदर वाटत नाही. त्याच्या दुःखाबद्दल वाटतो, पण नट म्हणून त्याने त्या प्रसंगाचा प्राण काढून घेतला. कलश रिकामा आहे आणि भाऊ समोर उभा आहे, हाच तर ताण आहे. खरी राख आली की रडणं पोलसचं झालं, इलेक्ट्राचं राहिलंच नाही. सोफोक्लीजला रिकामा कलश हवा होता.

तिसरी_घंटा:

समोर बसलेल्यांना कलशात काय आहे हे कुठे कळत होतं? त्यांच्यासाठी तो रिकामाच होता. भरलेला होता तो फक्त पोलससाठी. नट रोज काहीतरी खरं आत लपवूनच उभा राहतो, त्याने ते हातात धरलं इतकंच. पण तुमचा मुद्दा समजला, आणि तालमीत यावर भांडायला मला आवडेल.

दूरदेशी:

या वादाची सुरुवात फार जुनी आहे. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की थेस्पिसने नव्यानेच नाटक करायला घेतलं तेव्हा म्हातारा सोलन बघायला गेला. प्रयोग संपल्यावर त्याने विचारलं, एवढ्या लोकांसमोर एवढं खोटं बोलायला लाज वाटत नाही? थेस्पिस म्हणाला, खेळात काय बिघडलं? सोलनने काठी जमिनीवर आपटली, म्हणाला, या खेळाला असंच डोक्यावर घेतलं तर उद्या तो आपल्या करारांत शिरेल. कायदे करणाऱ्या माणसाची भीती होती ती, आणि मला ती रास्त वाटते.

त्याला उत्तर दिलं वक्तृत्व शिकवणाऱ्या गॉर्गिअसने. शोकांतिकेत फसवणारा न फसवणाऱ्यापेक्षा अधिक न्यायी, आणि फसणारा न फसणाऱ्यापेक्षा अधिक शहाणा, असं तो म्हणाला. चिकित्सकांचा 'खरं' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातोय हा आक्षेप सोलनचा आहे. गॉर्गिअसचं उत्तर असं की प्रेक्षागृहात कवी आणि प्रेक्षक यांच्यात करार झालेलाच असतो.

अनाहत:

दूरदेशी, करारांत शिरण्याची भीती खरी ठरली असं मला वाटतं, आणि 'हेलन' हे नाटक त्यावरच आहे.

इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सने सिसिलीवर पाठवलेलं सगळं आरमार आणि सैन्य तिथे संपलं. थुसिडिडीज लिहितो की बातमी खरी आहे हे पटल्यावर लोक वक्त्यांवर चिडले आणि सिसिली जिंकाल असं सांगणाऱ्या भविष्यवाल्यांवरही चिडले. पुढच्याच वर्षी, ४१२ मध्ये, युरिपिडीजने 'हेलन' केलं. मेनेलॉस राजाची बायको हेलन, जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं म्हणतात, ती या नाटकात ट्रॉयला गेलेलीच नाही. देवांनी हवेची एक प्रतिमा बनवून ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याला दिली, खरी हेलन सगळा काळ इजिप्तमध्ये होती. ही कथा त्याच्या आधी स्टेसिकोरस कवीने गायली होती, आणि हेलन इजिप्तमध्येच होती असं हेरोडोटसलाही इजिप्तच्या पुजाऱ्यांनी सांगितलं होतं. त्याला ते पटलं, कारण हेलन ट्रॉयमध्ये असती तर शहर वाचवायला ट्रोजनांनी ती परत केलीच असती असा त्याचा हिशेब.

नाटकात मेनेलॉसचा म्हातारा सेवक धावत येतो आणि सांगतो की गुहेत ठेवलेली तुमची बायको आकाशात विरून गेली. बघतो तर बायको समोर. सगळं कळल्यावर तो विचारतो, म्हणजे आपण एका ढगासाठी एवढं सोसलं? मग तो ज्योतिष्यांवर घसरतो. ग्रीकांच्या काल्खासने आपले लोक ढगासाठी मरताना बघितले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ट्रॉयकडच्या हेलेनस या ज्योतिष्यानेही नाही. मग शहर धुळीला का मिळालं?

समोर बसलेल्या कित्येक घरांतला कुणी ना कुणी सिसिलीतल्या सिराक्यूजच्या खाणींत मेलेला. त्यांना हे कोणत्या युद्धाबद्दल आहे हे सांगायची गरज नव्हती. फ्रिनिकससारखं सिसिलीचं नाव घेतलं असतं तर दंड झाला असता किंवा नुसतं रडणं झालं असतं. ट्रॉय घेतलं म्हणून प्रश्न विचारता आला. आणि प्रश्न विचारायला त्याने राजा निवडला नाही, नोकर निवडला. माझ्या लेखी ग्रीक रंगभूमीवरची ही सगळ्यात धाडसी जागा आहे.

चिकित्सक:

'हेलन'बद्दलचा प्रतिसाद मला पटला. काल्खास आणि भविष्यवाले हा धागा मी याआधी जोडला नव्हता.

पण मग एक विचारतो. मिथकाचं काम इतकंच असेल, आपल्यापासून हातभर अंतर मिळवून देणं, तर सगळी कथा मनाने का रचायची नाही? ॲरिस्टॉटल सांगतोच की अगाथॉन या शोकांतिकाकाराने एका नाटकात नावं आणि घटना दोन्ही स्वतः रचल्या होत्या आणि ते तितकंच आवडलं. त्याचं म्हणणं, पारंपरिक कथांना चिकटून बसायचं कारण नाही, कारण माहीत असलेल्या गोष्टीही थोड्यांनाच माहीत असतात. याउलट विनोदी नाटककार अँटिफानीज कुरकुरतो की शोकांतिकावाल्यांचं बरं आहे, ईडिपस म्हटलं की लोकांना बाप, आई, मुलं, मुली, केलं काय, भोगलं काय, सगळं ठाऊक. दोघांपैकी बरोबर कोण? आणि अगाथॉनची वाट पुढे का रुळली नाही?

अनाहत:

दोघेही बरोबर असावेत. ईडिपसने बाप मारला, आईशी लग्न केलं, हे सगळ्यांना माहीत. पण होमरच्या ओडिसीत आईने गळफास घेतल्यावरही तो थीब्जवर राज्य करत राहतो आणि तिथे डोळे फोडून घेण्याचा उल्लेखही नाही. तेव्हा आंधळा होऊन बाहेर येणारा ईडिपस बघायला येणाऱ्यांना शेवट माहीत होता असं तरी कसं म्हणायचं? अथेन्सजवळच्या कोलोनसमध्ये त्याचं मरण ही तर सोफोक्लीजच्या स्वतःच्या गावची गोष्ट.

अगाथॉनबद्दल माझा अंदाज सांगते. रचलेल्या माणसाने रचलेल्या गावात खून केला तर दोष कुणाकडून कुणाकडे नेणार? मेडिआचा दोष हलला तेव्हा कॉरिंथला फरक पडला, इतका की पैसे चारल्याची कुजबुज उठली. शोकांतिकेला समाधी लागते, गाव लागतं, ज्याला बोचेल असा कुणीतरी लागतो.

रचलेली नावं पुढे चालली, पण सुखांतिकेत. इ.स.पू. ३१६ मध्ये मेनँडरच्या 'डिस्कोलोस'ला लेनाया उत्सवात पहिलं बक्षीस मिळालं. त्यातला क्नेमॉन हा तऱ्हेवाईक म्हातारा शेतकरी पूर्ण कल्पनेतला, त्याला ना समाधी ना वंश. गाव मात्र खरं, अथेन्सजवळचं फिली.

गलबत:

'डिस्कोलोस' जवळजवळ अख्खं मिळालं ते इजिप्तमधल्या पपायरसवर, विसाव्या शतकात. त्यावर वेगळा धागा काढा, इथे शोकांतिकाच चालू राहू दे. 'ट्रॉयच्या स्त्रिया' अजून कुणी घेतलेलं नाही. युरिपिडीजचं ४१५ चं नाटक, त्याच्या आदल्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेटावरचे हाती लागलेले सगळे प्रौढ पुरुष कापून काढले होते, बायकामुलं विकली होती. त्या वर्षी स्पर्धेत युरिपिडीज दुसरा आला. उद्या सवडीने लिहितो.